माळाची हजामत

गळ्याला वस्तरा लागलेला असताना माणूस कशालाच नाही म्हणत नाही, हे तीस वर्षांच्या धंद्यात वस्तादांना पक्कं ठाऊक झालं होतं. गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून बसलं, हनुवटीखाली साबणाचा फेस चढला, की ते हळूच विचारायचे, "मग, रविवारी माळावर येताय ना?" गिऱ्हाईक बिचारं डोळ्यांनीच होकार द्यायचं. अशा रीतीनं घाणेरीची झुडपं उपटायला बेचाळीस माणसं जमली. त्यांतली निम्मी तरी एरवी रविवारी दहाच्या आत अंथरुणातून उठत नसत.

माळ दुकानाच्या पाठीमागेच होता. होता म्हणजे वस्ताद सांगत म्हणून होता. त्यांनी लहानपणी तिथल्या गवतात लोळून अंगभर कुसळं भरून घेतली होती आणि आईचा मारही खाल्ला होता. पुढं घाणेरीनं तो अख्खा गिळला. वस्तादांच्या मुलीनं जन्मापासून मागच्या खिडकीतून काटेरी भिंतच पाहिली. एकदा ती म्हणाली, "बाबा, तुम्ही थापा मारता. तिकडे माळबिळ काही नाहीये." गिऱ्हाइकांना थापा मारणं हा धंद्याचा भाग झाला, पण पोटच्या पोरीनं असं म्हणावं, हे वस्तादांच्या जिव्हारी लागलं.

पहिल्या वर्षी ते एकटेच भिडले आणि सवयीप्रमाणे त्यांनी घाणेरी वरून छान एकसारखी छाटली. ती दुप्पट जोमानं फुटली. "कापले की केस दाट येतात, असं मी सगळ्यांना सांगतो. ती शुद्ध थाप आहे," त्यांनी भर दुकानात कबूल केलं, "पण घाणेरीच्या बाबतीत खरी निघाली."

तेव्हा शाळेतले मास्तर मदतीला आले. मास्तरांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं, तरी ते दर आठवड्याला येत आणि पेपर वाचून जात. पेपरातच त्यांना सरकारी अनुदानाची जाहिरात दिसली. बाहेरून येऊन माजलेली झुडपं मुळासकट काढा, मूळचं गवत परत आणा, खर्च सरकार देईल. अर्ज मास्तरांनी लिहिला, सही वस्तादांनी ठोकली. पहिल्या हप्त्यात कुदळी, हातमोजे आणि गवताचं बी आलं, आणि माळाचा खालचा अर्धा भाग मोकळा झाला. वरच्या अर्ध्या भागासाठी दुसरा हप्ता हवा होता, आणि तो पाहणीनंतर मिळायचा. तीन ठिकाणी मीटरभर लांबरुंद चौकट ठेवून बघणार, प्रत्येक चौकटीत मूळच्या गवताच्या निदान पाच जाती तुऱ्यावर आलेल्या दिसायला हव्यात. हप्ता हुकला तर वरची घाणेरी दोन वर्षांत खाली उतरणार, हे मास्तरांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

आणि गवत आलं! कमरेएवढं आलं. पिवळे, तांबूस, रुपेरी तुरे वाऱ्यावर डुलायला लागले. वस्ताद दुपारी दुकानाला कुलूप घालून मुलीला घेऊन तिथं जाऊन बसत. पोरीच्या फ्रॉकला कुसळं चिकटली की त्यांना कोण आनंद व्हायचा.

पाहणी सोमवारी ठरली. रविवारी सकाळी वस्तादांनी माळावर नजर टाकली आणि त्यांचा जीव कासावीस झाला. सरकारी माणूस येणार आणि माळ असा पिंजारलेला! बायको म्हणाली, "अहो, राहू द्या की, छान दिसतंय." पण तीस वर्षांचा हात कुठला ऐकतोय. विळा घेऊन ते उतरले आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी गवत वीतभर उंचीवर एकसारखं कापून काढलं. कापलेलं गवत गोळा करून गुरांना घातलंसुद्धा. रात्री ते अगदी समाधानानं झोपले.

सकाळी पाहणीच्या मॅडम चौकट काखेत मारून आल्या आणि बघतच राहिल्या. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"तुरे कुठे गेले?" मॅडमनी विचारलं.

"कापले," वस्ताद अभिमानानं म्हणाले. "तुम्ही येणार म्हणून."

मास्तरांचा चेहरा पाहून त्यांना आपण काय केलं ते उमगलं.

"तुऱ्यांशिवाय जाती ओळखायच्या कशा? मी कागदावर लिहू काय?" मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, हेच वस्तादांना जास्त झोंबलं. मग मॅडमची नजर माळाच्या मधोमध गेली. तिथं चार खाटांएवढा तुकडा तसाच उभा होता. "आणि ते का सोडलं?"

वस्ताद ओशाळले. "तेवढं अर्धवट राहिलं, माफ करा. चंडोलाची मादी बसलीय अंड्यांवर. विळा जवळ नेला तरी उठेना. म्हटलं, बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नसतं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसकण मारली. "मग मीही नाही उठवत. जाईल ती पोटाला काही बघायला." सगळे बसले. तब्बल तासभर वस्ताद एक शब्द बोलले नाहीत. असा तास त्यांच्या आयुष्यात झोपेखेरीज कधी आला नव्हता. शेवटी पक्षीण भुर्रकन उडाली. मॅडम पाय जपून टाकत गेल्या, घरट्यापासून लांब, कडेकडेनं तीन चौकटी ठेवल्या आणि तुऱ्यांवरून जाती मोजू लागल्या.

"सात," त्या म्हणाल्या. "इथे नऊ. आणि इथे आठ."

मास्तरांनी वस्तादांना मिठीच मारली. मॅडमनी घरट्याचीही नोंद केली, अहवालावर सही केली आणि दुसरा हप्ता मंजूर होईल असं सांगितलं. बाकीच्या गवताची मुळं शाबूत आहेत, ते पुन्हा तुऱ्यावर येईल, फक्त वस्तादांना त्याच्यापासून लांब ठेवा, असंही हसत बजावलं. वस्ताद लहान मुलासारखे रडत होते आणि हसतही होते.

बायकोनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. "अहो, तीस वर्षं कापल्याचे पैसे घेतलेत," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा न कापल्याचे मिळतायत!"