जुन्या अहात्यातला शेवटचा घोट

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

मी तेव्हा भिलाईतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका संध्याकाळी टाउनशिपच्या बगीच्यात बाकावर एक माणूस मृत सापडला. पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेला, मूळचा भंडाऱ्याकडचा. घर दोन गल्ल्या पलीकडे. आम्ही मर्ग कायम केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनामा करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

सकाळी त्याची बायको ठाण्यात आली. रडत नव्हती. एवढंच विचारलं, "ते एकटेच गेले का जी? जवळ कोणी होतं का, तेवढं सांगा मले." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा तोच प्रश्न.

डॉक्टरांचं पहिलं मत हृदयविकाराचं होतं, पण त्यांना दोन गोष्टी खटकल्या. पोटात दारू होती, आणि जिभेखाली अख्खी इलायची होती, दाताचा व्रणही नसलेली. जिवंत माणूस इलायची चावतो. ही मेल्यावर कोणीतरी ठेवलेली होती. टाचाही खरचटलेल्या होत्या. बायको मात्र ठामपणे सांगत होती, पोरीच्या लग्नापासून त्यांनी दारू सोडली, रोज संध्याकाळी बगीच्यात फिरायला जातात.

खबर दिली एका ऑटोवाल्यानं. पावर हाउस भागातल्या एका अहात्यातून, म्हणजे बसून दारू प्यायच्या अड्ड्यातून, चार जणांनी एकाला धरून त्याच्या ऑटोत बसवलं होतं. "मैं तो समझा, साहब, ज़्यादा हो गई," तो म्हणाला.

मी स्वतः थेंबही न घेणारा, त्यामुळे या अहात्यांचा मला मनापासून राग. टिनाचं छप्पर, चार बाकडी, द्रोणात उकडलेले चणे. शिफ्ट सुटली की तीच माणसं त्याच जागी बसायची. दाराशी मालकाची इलायचीची डबी असायची. घरी वास जाऊ नये म्हणून निघताना प्रत्येकाच्या हातावर एक.

मालकाला आणि तिघा गिऱ्हाइकांना उचललं, वेगवेगळं बसवलं. चौघांचं एकच, "तो तं कधीचा येतच नोहता." जबान्या शब्दाला शब्द जुळल्या की समजावं, पाठ केलेल्या आहेत. मी मालकासमोर इलायची ठेवली आणि आवाज चढवला, "खराब दारू पाजलीस आणि प्रेत फेकून आलास."

म्हातारा ढसाढसा रडला. "फेकलं नाही जी! बसल्या बसल्या माह्या मांडीवर कलंडला. पाणी मांगतलं. दोन घोट पेला अन् गेला."

"मग बगीच्यात कशाला नेलं?"

"घरी त्यानं सांगून ठेवलं होतं का मी सोडली, बगीच्यात फिरतो. मेल्यावर त्याले खोटा कसा पाडू? इलायची बी म्या ठेवली. तोंडाले वास येऊन राहिला होता, साहेब."

पुढे व्हिसेराच्या अहवालात विष निघालं नाही. प्रेत हलवल्याबद्दल जी कारवाई करायची ती मी केली. पण त्याआधी मालकाला घेऊन त्या बाईच्या घरी गेलो. तिला तिचं उत्तर मिळायला हवं होतं, आणि ते देताना मला बरंही वाटत होतं.

मालक उंबऱ्याशीच बसला. हात जोडून म्हणाला, "वहिनी, तो एकटा नोहता. माह्या मांडीवर डोकं होतं त्याचं." आणि त्यानं सगळं सांगितलं.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कुठं जात, मले माहीत होतं. त्याहीले वाटे मले समजत नाही, म्हणून मी बी बोलली नाही. तुमालेई तसंच वाटलं." मग तिचा बांध फुटला. "पाणी मांगतलं ना त्याहीनं? मंग मले कावून नाही बोलावलं, भाऊ? ऑटोनं मले आणलं असतं तं दोन घोट माह्या हातचे पेले असते."

मालकाला मान वर करता येईना.

आता तो अहाता नाही, तिथे मोबाईलची दुकानं आहेत. नोकरीत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले, बहुतेक स्वतःला वाचवणारे. या माणसांनी मायेपोटी खोटं बोलून एका बाईचा शेवटचा हक्क हिरावून घेतला, आणि कायद्यात त्याला कलम नाही. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी मृत्यूची बातमी कळवायला उशीर केला नाही. त्या बाईला त्याचा काय उपयोग.