दुल्हाभाईंच्या नावावरची सूट

आपा सौदीत आमच्याकडे राबिघला आली तेव्हा तिच्या नवऱ्याला, म्हणजे दुल्हाभाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. अमेरिकेतल्या बायकांच्या एका ग्रुपबरोबर ती उमऱ्याला आली होती. मक्का-मदिना आटोपून ग्रुप परत गेला, आणि ती थोडे दिवस धाकट्या बहिणीकडे म्हणून थांबली.

आम्ही दोघी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. लग्न होऊन ती अमेरिकेला गेली, मी इकडे. तिने हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली आणि पासष्टीनंतर रिटायर झाली. दुल्हाभाईही रिटायर झाले होते, पण घरी बसवत नाही म्हणून सकाळ-दुपार शाळेची बस चालवायचे. माझे मिस्टर इथे रिफायनरीत एका ठेकेदाराकडे टेक्निशियन. मी घरी कंपाउंडमधल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते.

दुल्हाभाई जायच्या आदल्या वर्षी मिस्टरांची बायपास झाली होती. ती झाली नेमकी नको त्या वेळी. जुन्या कंपनीचा ठेका संपला होता, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्या कफीलच्या, नव्या मालकाच्या, नावावर जायचा होता, आणि मधल्या काळात विमा कुणाचाच नव्हता. जेद्दाच्या हॉस्पिटलने आगाऊ रक्कम मागितली. मी रडत आपाला फोन केला तर तिच्या हातून फोन दुल्हाभाईंनी घेतला.

"किती मागतायत ते नीट सांग. आणि रडू नकोस, मला आकडा ऐकू येत नाही."

आठवड्याच्या आत पैसे आले. कुठून आणले, असं मी एकदाच विचारलं. "बाजूला पडून होते," म्हणाले. मी ते खरं मानलं. खरं म्हणजे मला तेच मानायचं होतं. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला पैसे कुठून आले याची फार चौकशी नको असते.

तर आपा आलेली होती. एक दिवस दुपारनंतर आम्ही स्वयंपाकघरात बसून कोळंबी सोलत होतो. ती म्हणाली, "तुझ्या वायफायवरून माझा फोन लागेल का गं? तिकडे आता सकाळ झाली असेल. एका सरकारी ऑफिसात चौकशी करायची आहे." फोन लागला, पण माणूस काही येईना. नुसती वाजंत्री वाजत राहिली. दोघींचे हात कोळंबीचे, म्हणून तिने कोपराने ढकलून फोन स्पीकरवर ओट्यावर ठेवला आणि आम्ही गप्पा मारत सोलत राहिलो.

मग एकदम एका बाईचा आवाज आला. आपाने सांगितलं, "जानेवारीपासून माझ्या मेडिकेअरचा हप्ता फार वाढला आहे. काही चूक तर नाही ना, एवढंच विचारायचं होतं."

बाईने बघून सांगितलं की चूक नाही. दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नमध्ये तुमची कमाई मर्यादेच्या वर आहे, त्यावरून या वर्षी जास्तीची रक्कम लागली आहे. तिने ते वर्षही सांगितलं. ते वर्ष ऐकून माझा हात थांबला. बायपासचं वर्ष होतं ते.

बाई पुढे म्हणाली, "मधल्या काळात तुमच्या आयुष्यात काही बदल झाला आहे का? नोकरी सुटणं, घटस्फोट, पती किंवा पत्नीचा मृत्यू? तसं काही असेल तर फेरविचारासाठी अर्ज करता येतो."

आपा म्हणाली, "नाही. थँक यू." आणि करंगळीने फोन बंद केला.

मला आधी वाटलं, तिला प्रश्न कळला नसेल. पण आपाने उभी हयात अमेरिकेत काढलेली.

"आपा, तू नाही का म्हणालीस?"

"कोळंबी सोल."

"ते पैसे तुम्ही आमच्यासाठी काढले होते ना? त्याचंच आहे ना हे?"

तिने हातातली कोळंबी सोलून बाजूला टाकली. मग तिने मला समजावलं, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं. तिकडे पासष्टीनंतर सरकारचा विमा मिळतो, त्याचा हप्ता दर महिन्याला पेन्शनमधूनच कापून घेतात. बहुतेकांना तो सारखा असतो. पण ज्याची कमाई ठरलेल्या रेषेच्या वर, त्याला वरचे पैसे पडतात. कमाई बघतात ती दोन वर्षं आधीची.

"पण तुम्ही तर रिटायर. कमाई कसली?"

"म्हातारपणासाठी साठवलेल्या खात्यातून काढले तरी ती कमाईच धरतात. दरवर्षी थोडे थोडे काढले तर काही नसतं. आम्ही एकदम काढले. त्या वर्षी आम्ही कागदावर श्रीमंत होतो बघ." असं म्हणून ती हसली.

"दुल्हाभाईंना माहीत होतं हे?"

"टॅक्स जाणार हे माहीत होतं. हप्त्याचंही माहीत होतं. म्हणाले, दोन वर्षांनी बघू. तोवर तो चालता-फिरता तर होईल."

आम्ही इथे पगारावर टॅक्स न भरणारी माणसं. पगार हातात आला, खलास. एका वर्षी कुणाच्या मदतीला धावून जावं आणि दोन वर्षांनी त्याची किंमत आपल्या औषधपाण्याच्या हप्त्यात भरावी, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मिस्टर बाहेरच्या खोलीत मॅच बघत होते. धडधाकट, पाय पसरून. मला त्यांचाही राग आला आणि माझाही.

मी म्हटलं, "जास्तीचे पैसे मी पाठवते. दर महिन्याला."

"नाही."

"मग अर्ज कर. ती बाई स्वतः सांगत होती. नवरा गेला असेल तर..."

"त्यांचं जाणं या कामासाठी नाही," आपा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो विषय तिथेच संपला.

मी मात्र संपवला नाही. दुसऱ्या दिवशी समुद्रावर फिरायला गेलो तेव्हा पुन्हा काढला. गणित शिकवावं तसं शिकवलं तिला. दुल्हाभाईंचा बसचा पगार बंद झाला, म्हणजे तुझी कमाई खरंच घटली. यात खोटं काही नाही, भीक मागणं नाही. मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं.

"दुल्हाभाई असते तर त्यांनी हे सोडलं असतं? तुम्ही दोघं इकडे आला होतात तेव्हा जेद्दाच्या बलद बाजारात चहाच्या पेल्यांसाठी त्यांनी त्या येमेनी दुकानदाराशी किती वेळ घासाघीस केली होती, आठवतं? शेवटी त्यानेच कंटाळून आपल्याला चहा पाजला. बिलात जरा चूक दिसली की ते फोन घेऊन बसायचे. त्यांनी स्वतः फोन केला असता, आपा. म्हणाले असते, मी मेलोय, लिहून घ्या आणि हप्ता कमी करा."

आपा खळखळून हसली. ते गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं. लाव उद्या."

मी जिंकले म्हणून मला बरं वाटलं. आता विचार करते तेव्हा तेच आठवतं, की मला जिंकल्यासारखं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन लागला. या वेळी एक पुरुष होता, आवाजावरून तरुण. आपाने सुरुवात केली, "माझे पती गेल्या वर्षी वारले," आणि तो लगेच म्हणाला, "तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, मॅडम." रोज कितीतरी लोकांना तो हे म्हणत असणार. पण आपाचा चेहरा बदलला. त्याने मृत्यूची तारीख विचारली. आपाने तोंड उघडलं आणि तिला तारीख सांगता येईना. तिला ती येत नव्हती असं नाही. तिने फोन माझ्याकडे सरकवला.

तारीख मी सांगितली. स्पष्ट, सावकाश, आधी महिना मग दिवस, तिकडे म्हणतात तशी. त्याला पुन्हा सांगायची गरज पडली नाही. कुठला फॉर्म, मृत्यूच्या दाखल्याची प्रत कुठे पाठवायची, सगळं मीच लिहून घेतलं. आपा खिडकीशी पाठमोरी उभी राहिली.

त्या रात्री मिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. "मला आधी कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले. सकाळी त्यांनी आपासमोर पैशांचं पाकीट ठेवलं तर तिने ते उचलून त्यांच्याच खिशात घातलं. म्हणाली, "तुम्ही चालताय ना, झालं मग."

आपा परत गेली. काही महिन्यांनी तिचा फोन आला. अर्ज मंजूर झाला होता, हप्ता पूर्वीसारखा झाला होता आणि आधी जास्तीचे कापलेलेही परत मिळणार होते.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मोठ्याने "अल्हम्दुलिल्लाह" म्हटलं. आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की मी कशाबद्दल अल्लाचा शुक्र करते आहे. दुल्हाभाई जिवंत असते तर ही सूट मिळाली नसती. दोघांचेही हप्ते वाढले असते, दोघांनी मुकाट्याने भरले असते, आणि मला कधी कळलंही नसतं. ते गेले म्हणून आमच्यापायी पडलेला भार आपावरून हटला. त्यांच्या मरणाने माझं मन हलकं झालं होतं. मी आपाच्या एवढी मागे लागले, ती तिच्यासाठी की या हलकेपणासाठी, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

"तुझं ऐकलं ते बरं केलं," आपा फोनवर म्हणत होती.

मी विचारलं, "फॉर्म भरताना फार त्रास नाही ना झाला?"

"नाही गं, दोन-चार पानांचा तर होता." मग जरा थांबून म्हणाली, "बँकेचे, घराचे, सगळे कागद मुलाने केले होते. मी नुसत्या सह्या केल्या. हा एक मी स्वतः भरला. 'विधवा' असं पहिल्यांदा माझ्या हाताने लिहिलं."

तिने मग मिस्टरांची तब्येत विचारली, ते रोज चालायला जातात की नाही ते विचारलं, आणि मी सांगितलं की जातात.