दहावर अडकलेला काटा

भातकुलीच्या हर्षा राऊतला पाइपाचं काम शिकताना घरात कोणी अडवलं नाही. आई माणिकबाई वांगी-मेथी पिकवून अमरावतीच्या बाजारात विकायची. तिचं म्हणणं एवढंच, "काम पक्कं शीक, मंग कोठी बी जाय." आयटीआय झालं आणि हर्षा चिलर बसवणाऱ्या एका लहान कंपनीत लागली. चिलर म्हणजे मोठ्या इमारती गार ठेवण्यासाठी पाणी थंड करणारं यंत्र. त्याचे पाइप जोडायचे आणि ते गळत नाहीत ना हे तपासायचं, हे तिचं काम. सहा वर्षांत तिच्या जोडाबद्दल एकही तक्रार आली नव्हती. याचा तिला थोडा गर्वही होता.

मागच्या उन्हाळ्यात अकोल्यात एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर तिने पाइपात पाणी भरलं, पंपाने दाब दहा किलोपर्यंत चढवला. आठ तासांनीही दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा दहावरच, म्हणजे गळती नाही. सुपरवायझर किशोरभाऊंनी कागदावर सही केली. हर्षाने पाणी सोडून दिलं, पाइप रिकामा झाल्यावर पाना लावून गेज काढलं.

गेज तिच्या हातात होतं आणि काटा शून्यावर यायचा सोडून अजूनही दहावर होता.

तिने ते हलवलं, टिचकी मारली. काटा ढिम्म हलेना. ती तापलेल्या गच्चीवर तशीच खाली बसली.

"भाऊ, हे गेज मेलं हाय. आपण आठ घंटे काय पाहून राहिलो होतो?"

"दुसरं लाव," किशोरभाऊ म्हणाले. "येवढी काहून घाबरून राहिली?"

दुसरं गेज लावून पुन्हा दाब चढवला, तर तासाभरात काटा सातवर उतरला. एका जोडातलं रबराचं पॅकिंग तिरपं बसलं होतं. जोड तिनेच आवळला होता. तो दुरुस्त करता करता तिला आठवलं आणि हातातला पाना तसाच राहिला. वीस दिवसांपूर्वी अमरावतीच्या एका दवाखान्यात हेच गेज लावलं होतं. तिथेही काटा असाच अडकून नंतर धक्क्याने खाली आला असेल, तर? तिथला चिलर सुरूही झाला होता.

"तिथून काही तक्रार हाय का? मंग काहून उकरून राहिली?" किशोरभाऊ चिडले.

"पाइपाले वरून आवरण गुंडाळलं हाय, भाऊ. आत गळत असन तं दिसन कोणाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच दवाखान्यात गेली. तिथली यंत्रं सांभाळणाऱ्या शेखरने तिचं ऐकलं आणि शिडी आणली. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोट्या छताची फळी उघडली. तिसऱ्या जोडावरचं आवरण हाताला मऊ लागलं. हर्षाने ब्लेड फिरवताच साठलेलं पाणी तिच्या कोपरावरून ओघळलं. खाली, बरोबर त्या जोडाखाली, विजेचं पॅनल होतं. त्याच्या झाकणावर आधीच ओला ओघळ दिसत होता.

शेखरचा चेहरा उतरला. "अकराले ऑपरेशन हाय," एवढंच म्हणून तो पॅनल बंद करायला धावला.

ऑपरेशन दुसऱ्या थिएटरमध्ये हलवलं. संध्याकाळपर्यंत हर्षाने पॅकिंग बदललं आणि दोन गेज लावून दाब तपासला. काढल्यावर दोन्ही काटे शून्यावर आलेले स्वतः पाहिले, शेखरलाही दाखवले.

घरी माणिकबाईने ताट वाढलं. हर्षाने ताट बाजूला सारलं.

"कोणी बोललं काय तुले?"

"कोणीच नाही बोललं, आई. दवाखान्यातल्याईनं तं मले चहा पाजला," हर्षा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.