विकत घेतलेलं भोक

"हलू नको ना यार," रोहन म्हणाला आणि कात्री घेऊन माझ्या गुडघ्यापाशी बसला.

अंबरनाथचं एक कॉलेज. स्टेजमागची खोली. बाहेर पोरं आमच्या बँडच्या नावाने ओरडत होती. आत मी भिंतीला टेकून उभी, आणि तो माझ्या जीन्सवरचा रफू कापत होता. आईने घातलेला. एकेक टाका. ड्रमवाला आणि गिटारवाली नेहा मोबाइलवर व्हिडिओ काढत होते.

"तुझ्या आईला सांग," रोहन म्हणाला, "हे भोक आपण विकत घेतलंय."

सगळे हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून खातं.

जीन्स माझी नव्हतीच. बँडने शोसाठी मुद्दाम फाटकी घेऊन दिली होती. मी विठ्ठलवाडीच्या चाळीतली, जयंतीच्या मिरवणुकीत गाऊन आवाज कमावलेली. हे तिघे सोनिवलीच्या नव्या टॉवरमधले. तालीम तिथल्याच क्लबहाउसात. रोहनला माझा आवाज आवडला, मला त्याचं गाणं. पंक रॉक. दोन-तीन सूर आणि घसा फाडून ओरडायचं.

"घे, घे, अजून घे,
हप्त्यावर आभाळ घे,
शेजारच्या दारामागे
कोण राहतं, विचारू नये!"

खरंच वाटायचं मला ते. त्या टॉवरमध्ये दारोदार ऑनलाइन मागवलेली खोकी पडलेली असतात, माणूस दिसत नाही. लिफ्टमध्ये कुणी कुणाकडे बघत नाही. मला वाटलं, बाजारावर चिडलेलं गाणं आहे, म्हणजे आमच्या बाजूचं आहे. काय अक्कल माझी!

आई उल्हासनगरच्या कारखान्यातून जीन्सचे गठ्ठे घरी आणते. शिवणीचे लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची. एखाद्या पीसला भोक निघालं, की शेठ आधी तिच्याकडे बघतो. "तेरी कैंची से हुआ." त्यामुळे भोक दिसलं की तिचा हात आपोआप सुईकडे जातो. फाटक्या जीन्सची फॅशन तिला माहीत नाही असं नाही. पण स्वतःची पोरगी तसं घालून स्टेजवर उभी राहणार, हे तिला सोसेना. मी झोपेत असताना तिने दोन्ही गुडघे रफू केले. सकाळी म्हणाली, "लोक म्हणतील, हिच्या आईला सुई धरता येत नाही काय?" चटणी-भाकर खाऊ, पण चारचौघांत फाटकं घालून जायचं नाही, हा आमच्या वस्तीचा कायदा आहे. रफू उसवायचं धाडस मला झालं नाही.

रोहनने शेवटचा टाका ओढला. "आता कशी ओरिजिनल दिसतेस!"

शाळेत माझा गणवेश फाटका म्हणून हसले होते. इथे जीन्स शिवलेली म्हणून हसत होते.

मी बाथरूममध्ये गेले. येताना घातलेला पंजाबी ड्रेस परत चढवला. जीन्स त्याच्या हातात दिली.

"मी ह्याच कपड्यात गाणार."

"येडी झालीस का? पंक आहे हे. लूकच नसेल तर उरलं काय?"

"गाणं."

"मग राहू दे. नेहा गाईल."

नेहा गायली. पोरं नाचली. मी बाहेर पायरीवर बसून ऐकलं. राग नव्हता आला तेव्हा. नुसती लाज.

घरी आई गठ्ठ्यापाशीच बसलेली. "झालं गाणं? पँट बरी दिसली ना?"

मी सगळं सांगितलं. माझं हसणंही. तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"मला कळलं नाही गं," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुझं गाणं गेलं. चुकलं माझं."

टाके कापले त्याने. हसले मी. आणि माफी मागितली आईने. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. राग आला तो तिथे.

रोहनचे मेसेज येतात. परत ये, कपड्यांचं बघू काहीतरी. मी जाणार नाही. मी गाणार आहे, माझ्या शब्दांत, आमच्या चाळीसमोर, आईला पुढ्यात बसवून. त्या गाण्यात रोहन येईल. मी कशी हसले तेही येईल, ते मी गाळणार नाही. त्या टॉवरवाल्यांना घरात एकटं वाटतं, ते त्यांनी खुशाल गावं. पण आमची गरिबी हा कुणाचा पोशाख नाही. ती अंगावर चढवून कुणी टाळ्या घ्यायला निघाला, तर मी स्टेजवर चढून त्याच्या हातातला माइक काढून घेईन.