माझ्या चपला आणि कड्यावरचा मठ

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. नवरा तापानं गेला तेव्हा मी विशीचीही नव्हते. तेरावं झालं आणि सासूबाईंनी ठरवलं, की मन थाऱ्यावर येईपर्यंत मला पैनगंगेवरच्या मठात ठेवायचं. माझं मन कुठं होतं, ते मला कुणी विचारलं नाही.

मठ उभ्या कड्याच्या टोकावर. चढायला खडकात खोदलेल्या पायऱ्या, धरायला लोखंडी साखळी. पहिल्या सकाळी खाली नदीभर धुकं साचलेलं आणि त्यातून सागाचे शेंडे वर आलेले पाहिले, तेव्हा घटकाभर मी रडायचंही विसरले. खोटं कशाला बोलू, जागा सुंदरच होती. उमरखेडकडून येणारी माणसं "काय शांतता आहे!" म्हणत उसासे टाकत आणि संध्याकाळी खाली उतरून घरी जात. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मठाची एक रीत होती. राहायला आलेल्याच्या वहाणा पोचवणाऱ्यानं घरी न्यायच्या आणि परत न्यायला येताना आणायच्या. तोवर खाली उतरायचं नाही. माझ्या लग्नातल्या लाल पट्ट्यांच्या चपला दिरांनी पिशवीत टाकल्या.

"पोळा झाला का येतो न्यायले, वहिनी," ते म्हणाले.

पोळा झाला, दसराही झाला. मी मठ झाडत होते, सगळ्यांच्या भाकरी थापत होते. माहेर तिथून दिवसभराच्या चालीवर, पण मी सासरीच आहे अशी आईची समजूत होती. खाली शेतं कापसानं पांढरी झाली. आता वेचायला हात लागतील, आता तरी नेतील, असं वाटायचं. रस्त्यावर एसटी थांबली की मी कड्याच्या काठाशी धावायची.

"काहून तिकडं पाहून राह्यली?" मठातल्या म्हाताऱ्या माई म्हणायच्या. "इथं मन लाव."

एका पौर्णिमेला साखळी धरून, धापा टाकत सासूबाई चढताना दिसल्या. माझा आनंद पोटात मावेना. धावत जाऊन लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि दाराशी आले. त्या उंबऱ्याबाहेर चपला काढत होत्या. लाल पट्ट्यांच्या. त्यांच्या रुंद टाचांनी पार फाकलेल्या.

"पडून राह्यल्या होत्या, म्हून घातल्या," त्या म्हणाल्या. "तुले कायले लागते आता?"

बोलण्यात खोट नव्हती. जेवतेस ना नीट, असंही विचारलं त्यांनी. मग दर्शनाला आत गेल्या. मला न्यायचं त्यांच्या मनातच नव्हतं, आणि इतके महिने मी वाट पाहत होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चपला समोरच होत्या, माझ्याच होत्या. पाय पुढं केला आणि मागं घेतला. लग्नाआधी कुठं होत्या मला चपला? बापाच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्या कापल्यावर राहिलेल्या खुंटांतून मी अनवाणीच धावत होते. तेव्हा कुणाच्या पिशवीची वाट पाहिली नव्हती.

गाठोडं काखेत मारलं आणि साखळी धरली.

"अवं पोरी," वरून माई ओरडल्या, "तुह्या पायात काहीच नाही!"

"मालूम हाय मले," मी म्हणाले, आणि खालच्या पायरीवर पाय ठेवला.