खालून येणारी थंडी

त्या म्हाताऱ्या दुकानदाराचं नाव मला माहीत नाही. अमेरिकेत पार्सिपनी गावाजवळच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात तो एकदाच भेटला. पांढरी दाढी, नारिंगी टोपी. त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला तो दाराजवळच्या गार फरशीवर गादी टाकून आधी झोपायला लावत होता, मगच बोलत होता.

माझी नात पहिल्यांदाच बर्फात हरणाच्या शिकारीला चालली होती. तंबूत झोपायला तिने सगळ्यांत जाड, फुगवायची गादी उचलली. मी दाबून पाहिली. आत नुसती हवा. ही पोर गारठणार, असं वाटलं, पण परक्यांपुढे मी बोलत नाही.

म्हाताऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि नातीला काही म्हणाला.

"आजी, ते म्हणतात, आजीला विचार. ही गादी वॉर्म नाही का?"

मी हळूच म्हणाले, "थंडी खालून येते बाई. ऊसतोडीला असताना आम्ही खोपीत वीतभर पाचट पसरायचो, त्यावर गोधडी."

कमीपणा वाटतो म्हणून ऊसतोडीचं नाव आमच्या घरात कोणी काढत नाही. नातीने ते सगळं मोठ्याने इंग्रजीत सांगितलं.

म्हाताऱ्याने फोमची चटई अंथरली, तिच्यावर आत ऊबदार अस्तर असलेली गादी ठेवली आणि मला खूण केली. मी पदर सावरून कुशीवर झोपले. गार लागलं नाही. मी मान डोलावली.

त्याने टोपी काढली. नात हसली. "आजी, ते म्हणतात, मी जन्मभर हेच सांगतोय, पण लोक जाडी बघतात. तुला न सांगता कळलं."

परत जाताना वाटभर मी नातीला ऊसतोडीच्या गोष्टी सांगितल्या.