पाटल्यांऐवजी प्रूफ संच

कुडाळात माझी ओळख ‘नाण्यांची खुळी’ अशी आहे, आणि असं म्हणणाऱ्यांत पहिला नंबर आमच्या ह्यांचा. मी बँकेत कॅशिअर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या आणि स्वतःच्या पगारातून टांकसाळीचे चांदीचे प्रूफ संच मागवायचे, असं माझं आयुष्य गेलं. प्रूफ नाणं बाजारात फिरवण्यासाठी नसतं, नुसतं बघण्यासाठी पाडलेलं असतं. त्यावर शंभर रुपये लिहिलेले असतात, मी ते त्याच्या कितीतरी पट पैसे देऊन घेते आणि मग त्याने काडेपेटीसुद्धा विकत घेत नाही. ह्यांना हे अजून पटलेलं नाही. “आणि असल्या बायेक बँकेन कॅशिअर केल्यान!” असं पाहुण्यांसमोर म्हणायची त्यांना भारी हौस.

त्यात हे मोबाईलवाले. ट्रॅक्टरच्या चित्राची जुनी पाच रुपयांची नोट लाखाला जाते म्हणून कोणीतरी व्हिडिओ टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात माणूस हजर. नोटेचे दोन तुकडे, मधे चिकटपट्टी, वर हळदीचा डाग. “बाई, लाख नको, पन्नास हजार दिलात तरी चालतील.” एकाने तर राणीच्या डोक्याचं नाणं आणलं होतं आणि माझ्यासमोर ते दाताने चावून दाखवलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “दादा, हे नाणं आहे, चण्याचा लाडू नव्हे.” तो रागावून गेला आणि बाजारात सांगत सुटला की बाईला काही कळत नाही.

मला कळतं. आणि मला हे शिकवलं ते आरोंद्याच्या मावशीच्या यजमानांनी. आम्ही त्यांना काका म्हणायचो. मावशी गावी असायची, ते मुंबईला गोदीत कामाला होते. मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्या खोलीवर गेले की ते ट्रंकेतून मखमली डबी काढायचे, पांढरे सुती हातमोजे घालायचे आणि नाणं कडेला धरून खिडकीकडे न्यायचे. सपाट भाग आरशासारखा लख्ख आणि वरचं चित्र दहिवरल्यासारखं पांढुरकं. त्यात माझं नाक दिसायचं. मी एकदा बोट लावायला गेले, तर शांत स्वभावाचे काका एवढ्या जोरात ओरडले की शेजारची बाई धावत आली. “बोट लागला की प्रूफ मेला! फडक्यान पुसलंस तरी मेला! कळला?” मग स्वतःच ओशाळून मला आइस्क्रीम खाऊ घातलं. त्या दिवसापासून मी नाण्याला बोट लावलेलं नाही.

पण काकांच्या ह्या नादापायी त्यांच्या घरात कायमचं भांडण होतं. लग्नात त्यांनी मावशीला सोन्याच्या पाटल्या कबूल केल्या होत्या. पाटल्या काही आल्या नाहीत. पैसे जमले की टांकसाळीचा नवा संच यायचा, आणि दर चवथीला, गणपतीसाठी, काका तो घेऊन आरोंद्याला उतरायचे. मावशी घरापुढच्या खळ्यातूनच सुरू करायची, “इलो! खापरां घेवन इलो! खुळो रे खुळो!” अख्ख्या वाडीला हे पाठ होतं. काका निवृत्त होऊन घरी आले तरी संच पार्सलने यायचे आणि मावशी पोस्टमनला सुद्धा सोडायची नाही.

काका गेले. पहिल्या वर्षी घरात चवथ साधेपणाने झाली. ह्या वर्षी चवथीच्या आधी मावशीचा फोन आला.

“चेडवा, घासूची भांडी काढलंय. तू येवन जा. आणि ती तुझ्या काकाची खापरां बघून माका एकदा सांग, तो खुळो व्हतो की मी.”

म्हटलं, “मावशी, आता काय त्याचं? माणूस गेला.”

“म्हणान तर इचारतंय,” ती म्हणाली. “जितो आसताना माका खात्री व्हती. आता रात्री झोप नाय. इतकी वर्सां एका माणसाक खुळो खुळो म्हटलंय. ता खरा नसला तर?”

मग नेहमीचा आवाज लावून पुढे म्हणाली, “तो शाणो निघालो तर देवाक गाऱ्हाणां घालून कबूल करतलंय. आणि खुळो निघालो तर तेच्या फोटोक हार बंद!”

मी भिंग, वजनकाटा आणि माझे हातमोजे घेतले. हे गाडी चालवायला आले, कारण मावशीकडचं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं त्यांना कुठल्याही खाडीपलीकडून बोलावतं. वाटेत मी मनातल्या मनात हिशेब करत होते. काकांचे संच जुने, डबी आणि प्रमाणपत्रासकट असणार, आणि काकांसारख्या माणसाने जपलेले. आज असे संच हुडकून मिळत नाहीत. सोन्याचा भाव कुठेही जावो, काका जिंकणार ह्याबद्दल मला शंका नव्हती. मावशीला देवासमोर हात जोडून गाऱ्हाणं घालताना बघायला मिळणार म्हणून मी जरा खूशच होते, खोटं कशाला बोलू.

मावशी पडवीत बसली होती. समोर समया, तांब्याचा हंडा, ताम्हन, कोकमाच्या सोलांचा वाडगा आणि ताटात चुलीची राख. बाजूला डब्या रचलेल्या. मी हातमोजे घातले, तशी ती हसली. “इली मोठी मडम. तसोच करायचो तोय.”

पहिली डबी उघडली. नाणं चमकत होतं. पण नको तसं चमकत होतं. घासलेल्या पातेल्याची चमक असते ना, तशी. भिंग लावलं तर सपाट भागावर बारीक बारीक ओरखड्यांचं जाळं, चित्राचं पांढुरकेपण साफ गेलेलं, आणि अक्षरांच्या खाचेत कुंकू. मी दुसरी डबी उघडली. तेच. तिसरी, चौथी. एकात तर वाळलेलं फूल चिकटलेलं.

“मावशी, ही नाणी कोणी घासली?”

“कोणी म्हणजे? मीच. चवथीक देवाम्होरं चांदी ठेवची, ती काय तशीच ठेवची? दर वर्सां सगळी काढून घासायचंय. कशी लखलखतत बघ!” ती अभिमानाने म्हणाली.

माझा तोल गेला. “अगं बाई, काय केलंस हे! राखेने? प्रूफ नाणं राखेने? हे शंभर नंबरी होतं गं! न उघडता ठेवली असतीस तर पाटल्या काय, पाटल्या, तोडे आणि वर कमरपट्टा झाला असता! आता ह्याला नुसता चांदीचा भाव. वजनावर जाईल, सोनाराच्या भट्टीत!”

आत जेवायला बसलेले हे सुक्याचा घास तोंडात धरून थांबले. मावशी नाण्यांकडे बघत राहिली. 

“म्हणजे तो खुळो नव्हतो,” ती शेवटी म्हणाली.

“नव्हता.”

“आणि मी घासून सगळ्याची माती केलंय.”

“तसं नाही गं…” मी सावरायला गेले, पण नाणी समोर होती. त्यांच्यापुढे माझं खोटं टिकणार नव्हतं.

“थांब,” मावशी म्हणाली. “घासल्यार खराब होता, ह्या तेका म्हायत व्हता?”

 मला मुंबईची ती खोली आठवली, ती किंचाळी आठवली. फडक्याने पुसलं तरी प्रूफ मरतं, हे मला शिकवणारा माणूस तोच.

“माहीत होतं,” मी म्हटलं. “त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तू घासायचीस तेव्हा ते असायचे कुठे?”

“हयच. माझ्या बाजूक.” तिने पडवीतला रिकामा पाट दाखवला. “हातमोजे घालून एकेक नाणा काडायचो आणि माझ्या हातात देयचो. मी राखेत घोळवायचंय. म्हणायचंय, इलो साहेब! तो गप.”

“काहीच बोलायचे नाहीत?”

“नाय गो. राख मात्र तोच चाळायचो. मलमलच्या फडक्यातून, एकदा नाय, दोनदा. एक खडो ऱ्हवता नये. मी म्हणायचंय, राखच ती, भाकरी करूची आसा काय? तरी चाळायचो.”

मला हसू आलं. बिचारे काका! बायकोला थांबवायची छाती नाही, म्हणून निदान ओरखडे बारीक पडावेत एवढी व्यवस्था करत बसले. आणि पुढच्या वर्षी पुन्हा नवं नाणं घेऊन हजर, पुन्हा तिच्या हातात द्यायला.

मी मावशीला राख चाळण्याचं कारण सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं. मग एकदम खवळली.

“मेल्यान एकदा तरी सांगूक नको? एक शब्द! ‘बाये, घासू नको’ म्हटल्यान आसता तर मी काय तेका खाल्लंय आसतंय?”

“खाल्लं असतंस,” मी म्हटलं.

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “खरा आसा. खाल्लंय आसतंय.” जरा वेळाने शांत झाल्यावर म्हणाली, “वर्सभर तो थंय, मी हय. इलो की भांडाण. बिनभांडणाचो माझ्या बाजूक बसायचो तो ह्याच दिसा. म्हणान बोलूक नाय आसतलो.”

मग ती उठली आणि आतून एक पार्सल घेऊन आली. वरची दोरी अजून तशीच. काकांनी मागवलेला शेवटचा संच, एकाच नाण्याचा. पैसे भरल्यावर पार्सल यायला महिने लागतात, तसं ते काका गेल्यानंतर आलं होतं. मावशीने ते न उघडता कपाटात ठेवून दिलं होतं.

मी दोरी सोडली. डबी उघडली. आरसा. लख्ख, काळा वाटावा इतका खोल आरसा, आणि त्यावर दहिवर. माझं नाक दिसलं, आता चष्म्यासकट. मी मावशीला ते खिडकीपाशी नेऊन दाखवलं, कडेला धरून, काका दाखवायचे तसंच.

“अगो बाई,” ती हळूच म्हणाली. “ह्या असा दिसता? हातात इला की मी न बघताच राखेत घालायचंय.”

“सगळी अशीच दिसायची.”

तिने ते पुष्कळ वेळ बघितलं, मी परत डबीत ठेवेपर्यंत. मग स्वतःच्या पाटावर येऊन बसली आणि ताटातली राख पुढे ओढली.

“मावशी, नाही हं!” मी जवळजवळ ओरडलेच. “सगळ्यांची वाट लागली ती लागली, हे एक तरी ठेव. मला दे, मी विकत घेते. तुला पाटल्या करू. अगं ऐक माझं!”

“गप ऱ्हव,” ती म्हणाली. “पयला गाऱ्हाणां.”

तिने पदर डोक्यावरून घेतला. गणपती अजून यायचा होता, वर टांगलेली माटी, म्हणजे फळं-पानं बांधायची लाकडी चौकट, मोकळीच होती. त्या मोकळ्या माटीकडे बघून तिने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, इतकी वर्सां मी घोवाक खुळो म्हटलंय. तो खुळो नव्हतो. खुळी मी व्हतंय.”

“व्हय म्हाराजा!” गाऱ्हाण्याला साथ द्यायच्या रीतीप्रमाणे हे आतून सुक्याच्या भरल्या तोंडाने म्हणाले.

“जावयांनु, तुमी इतक्या लवकर व्हय म्हणू नकात,” मावशीने दटावलं. “माझा संपूक नाय. बा देवा म्हाराजा, पण सगळा म्हायत आसान जो बायलेक थांबवणा नाय, उलट राख चाळून देता, आणि फुडल्या वर्सा परत नवा नाणा हाडता, तो खुळो नाय तर कोण? म्हणान हार चालू ऱ्हवतलो, आणि खुळोय तोच!”

“व्हय म्हाराजा!” ह्या वेळी मी पण म्हणाले.

मावशीने राखेचा हात माझ्यापुढे केला. तिच्या पायाशी काकांचे हातमोजे पडले होते, वर्षानुवर्षांच्या राखेने काळपटलेले. मी काकांच्या रिकाम्या पाटावर बसले, माझे शुभ्र हातमोजे काढले आणि त्यांचे घातले. आधी मलमलच्या फडक्यातून राख चाळली. मावशी म्हणाली, “दोनदा.” मी दुसऱ्यांदा चाळली. मग डबीतून नाणं काढलं, कडेला धरलं आणि आरशात शेवटचं बघून घेतलं.

“दी,” मावशी म्हणाली.

मी दिलं.